पारदर्शक फिल्म, धूसर व्यवहार

दसरा किंवा गुढीपाडव्याच्या तोंडावर नव्या मोटारीचे पैसे भरण्यासाठी शोरूममध्ये गेलेल्या कुटुंबापुढे अलीकडे आणखी एक कागद सरकवला जातो. विमा, नोंदणी, वाढीव वॉरंटी, मॅट, सीट कव्हर ही नेहमीची यादी त्यावर असतेच. तिच्या शेवटी ‘पेंट प्रोटेक्शन फिल्म’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढचा आकडा साठ-सत्तर हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत कोठेही असू शकतो. बारा लाखांच्या मोटारीवर लाखभर रुपयांचे पारदर्शक आवरण चढवायचे की नाही, हा निर्णय चावी हातात पडण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत घेतला जातो. घरातील ज्येष्ठांना हे प्लास्टिक कशाला, असा प्रश्न पडतो. धाकट्यांनी मोबाइलवर चित्रफिती पाहिलेल्या असतात. बहुतेक वेळा धाकटे जिंकतात.

शोरूमच्या या टेबलाला इतिहास आहे. वीस वर्षांपूर्वी येथेच ‘टेफ्लॉन कोटिंग’ विकले जात होते. पुढे सिरॅमिक कोटिंग आले, त्यामागोमाग ग्राफिनचे नाव आले. प्रत्येक वेळी मोटार कायमची नवी राहील असे सांगितले गेले आणि प्रत्येक वेळी दोन पावसाळ्यांनंतर ती इतर मोटारींसारखीच दिसू लागली. त्या मालिकेतील आणखी एक नाव म्हणून या फिल्मकडे पाहणे मात्र तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. आधीच्या लेपांच्या तुलनेत हे खरेखुरे तंत्रज्ञान आहे आणि सांगितलेल्या कामांपैकी बरेचसे काम ते करते. घोळ आहे तो फिल्मच्या भोवती उभ्या राहिलेल्या व्यवहारात. ग्राहक नेमकी कोणती वस्तू विकत घेतो आहे, तिची हमी कोण देतो आहे आणि ती हमी कशाची आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बिलावर क्वचितच सापडतात.

या फिल्मचा उगम व्हिएतनाम युद्धात आहे. अमेरिकी हेलिकॉप्टरांची पाती वाळू आणि खड्यांच्या माऱ्याने झिजत असत. त्यांच्या कडांवर चिकटवण्यासाठी ‘थ्रीएम’ या कंपनीने पॉलियुरेथेनची चिवट फिल्म तयार केली. युद्धानंतर ती शर्यतीच्या मोटारींच्या नाकाडावर आली आणि तेथून महागड्या खासगी मोटारींकडे वळली. सुरुवातीची फिल्म जाड होती, पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी दिसे आणि काही वर्षांत पिवळी पडे. २०१०नंतरच्या पिढीने हे दोष बऱ्याच अंशी दूर केले. आजच्या चांगल्या फिल्मला तीन थर असतात. खाली दाबाने चिकटणारा ॲक्रिलिक चिकटा, मध्ये थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन म्हणजेच टीपीयूचा मुख्य थर आणि वर एक अतिशय पातळ लवचीक लेप. किरकोळ ओरखडे ऊन किंवा गरम पाणी लागताच बुजतात, असे जे दाखवले जाते ते या वरच्या लेपामुळे. त्यात जादू नाही आणि फसवणूकही नाही. पण ओरखडा त्या लेपाच्या खाली टीपीयूत उतरला, तर तो बुजत नाही, हे प्रात्यक्षिक दाखवणारा सांगत नाही. पितळी ब्रश हलक्या हाताने कसा फिरवायचा, हे त्याला ठाऊक असते.

फिल्मची उपयुक्तता समजण्यासाठी जाडीचा हिशेब पाहावा लागतो. कारखान्यातून आलेल्या मोटारीच्या पत्र्यावर प्रायमरपासून वरच्या चमकदार थरापर्यंत सारे रंगकाम मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून बारीक. मोटारीची सारी चमक या थरात असते. गॅरेजमध्ये दरवेळी ‘रबिंग-पॉलिश’ केले जाते तेव्हा चमक परत येते ती हाच थर थोडासा घासून काढल्यामुळे; आणि घासला गेलेला थर परत येत नाही. फिल्मची जाडी १५० ते २५० मायक्रॉन, म्हणजे संपूर्ण रंगकामाएवढी किंवा त्याहून अधिक असते. सिरॅमिक कोटिंग एक-दोन मायक्रॉनचे असते. ते पाणी झटकते, धूळ चिकटू देत नाही, धुणे सोपे करते. परंतु उडालेला खडा ते थोपवू शकत नाही. ही दोन्ही उत्पादने एकाच दमात, एकमेकांचा पर्याय म्हणून विकली जातात, ही या बाजारातील पहिली दिशाभूल.

महाराष्ट्राच्या शहरांत मोटारीचा रंग कशाने जातो? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वाळू-खडीच्या डंपरमागे धावताना बंपर आणि बॉनेटवर बसणारे टिपके हा एक भाग झाला. रोज लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्यांना तो चांगलाच जाणवतो. पण बहुसंख्य मोटारी दिवसाचे वीस तास उभ्याच असतात. त्यांचे नुकसान सोसायटीच्या आवारात होते. सकाळी पन्नास मोटारी एकाच बादलीतील पाण्याने आणि एकाच फडक्याने पुसल्या जातात. त्या फडक्यातील वाळूचे कण रंगावर गोल गोल रेघा उमटवतात. उन्हात तिरके पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग, झाडाखाली लावलेल्या मोटारीवर पडणारी पक्ष्यांची आम्लधर्मी विष्ठा, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची खारी हवा यांची त्यात भर पडते. या बहुतेक गोष्टींपासून फिल्म रंगाला वाचवते. फडक्याच्या रेघा तर ती सहज पचवते.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. रिक्षाने मागून दिलेली धडक, दुचाकीच्या हँडलने दाराला पाडलेला पोचा, खांबाला घासलेला कोपरा यांपुढे पाव मिलिमीटरचे प्लास्टिक काही करू शकत नाही. पोचा तसाच पडतो. फक्त आता पत्रा आणि रंगाबरोबर फिल्मचाही तुकडा बदलावा लागतो. दाट वस्तीत मोटार चालवणाऱ्याला नुकसान पोहोचते ते मुख्यतः याच प्रकारचे. शोरूममधील कागदावर ही गोष्ट नसते.

एका नावाखाली अनेक वस्तू

‘पीपीएफ’ हे तीन अक्षरी नाव घेऊन बाजारात निदान तीन वेगळ्या वस्तू फिरतात. पहिली टीपीयूची फिल्म. दुसरी पीव्हीसीची, म्हणजे ज्या प्लास्टिकपासून पाइप आणि फलक बनतात त्याच घराण्यातली. तिसरी ‘टीपीएच’ या नावाने विकली जाणारी. ती प्रत्यक्षात मऊ करणारी द्रव्ये मिसळून लवचीक केलेली पीव्हीसीच होय, पण नावातील साधर्म्याचा तिला पुरेपूर लाभ मिळतो. टीपीयूमध्येही पुन्हा दोन जाती आहेत. ॲलिफॅटिक प्रकारचे पॉलियुरेथेन अतिनील किरणांत टिकून राहते. ॲरोमॅटिक प्रकारचे स्वस्त असते आणि उन्हात पिवळे पडते. बसवल्याच्या दिवशी या साऱ्या फिल्म सारख्याच चकचकीत दिसतात. फरक दिसू लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात, आणि आपल्याकडे पांढऱ्या मोटारी बहुसंख्य असल्याने पिवळेपणा लपतही नाही. पीव्हीसीतील मऊपणा देणारी द्रव्ये उन्हात उडून गेली की ती कडक होते, तडकते आणि काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघते. मागे उरलेला चिकटा साफ करण्याची मजुरी वेगळी.

किमतीतील तफावतीचे मोठे कारण हेच आहे. एका दुकानात पंचेचाळीस हजार आणि शेजारी सव्वा लाख, असे दर ऐकून ग्राहक पहिल्या दुकानदाराला प्रामाणिक आणि दुसऱ्याला लुटारू समजतो. कधी ते खरे असते, कधी नेमके उलटे. ही फिल्म साधारण दीड मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब अशा रोलमध्ये येते आणि मध्यम आकाराच्या संपूर्ण मोटारीला जवळजवळ एक रोल लागतो. तेव्हा मोटारीमागे एक सीलबंद खोके, त्यावरचे उत्पादकाचे नाव आणि क्रमांक, एवढे समोर उघडायला लावले तरी बरेचसे प्रश्न सुटतात. नमुन्याचा तुकडा हाताने ताणून पाहण्याची साधी रीतही या धंद्यातले लोक वापरतात. टीपीयू रबरासारखे ताणले जाऊन मूळ आकारात येते, पीव्हीसी ताणलेलेच राहते. या परीक्षेने ॲरोमॅटिक आणि ॲलिफॅटिक मधला फरक मात्र कळत नाही.

हेल्मेट, टायर आणि मोटारीची काच यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. रंगावरच्या फिल्मला तशी सक्ती नाही. तिचा संबंध सुरक्षिततेशी नसून दिसण्याशी असल्याने सरकारने त्यात पडावे, असा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु दोनशे रुपयांच्या कापडावर सुताचा प्रकार लिहिलेला असतो आणि लाख रुपयांच्या फिल्मच्या बिलावर ‘पीपीएफ फुल बॉडी - १ नग’ एवढेच असते, ही स्थिती समर्थनीय नाही. मूळ द्रव्य, जाडी, उत्पादक आणि रोलचा क्रमांक या चार गोष्टी बिलावर छापण्यास कोणत्याही प्रामाणिक विक्रेत्याला अडचण नसावी.

हमी नेमकी कशाची?

विकताना भर असतो तो हमीवर. पाच वर्षे, आठ वर्षे, दहा वर्षे असे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. बारीक अक्षरांत असे आढळते की ही हमी फिल्म पिवळी पडणे, तडकणे, सुटणे किंवा तिच्यात फुगे येणे एवढ्यापुरतीच असते. खड्याने फिल्म फाटली तर ती हमीत बसत नाही; म्हणजे ज्या कारणासाठी ती घेतली त्याच कारणासाठी ती बदलून मिळत नाही. त्यात उत्पादकाच्या दृष्टीने गैर काही नाही, मार खाणे हे फिल्मचे कामच आहे. पण ग्राहकाच्या समजुतीत ‘दहा वर्षांची हमी’ म्हणजे दहा वर्षे रंगाला काही होणार नाही, असा अर्थ असतो आणि ती समजूत दूर करण्याची घाई कोणालाच नसते. दर सहा महिन्यांनी आमच्याकडेच पैसे भरून देखभाल करून घ्यावी, न केल्यास हमी रद्द, अशी अट अनेक ठिकाणी असते. मोटार विकली की हमी संपते, अशीही असते.

याहून महत्त्वाचा प्रश्न हमी कोण देतो हा. उत्पादक कंपनी, आयातदार, शोरूम आणि प्रत्यक्ष फिल्म बसवणारा स्टुडिओ, अशी चार जणांची ही साखळी आहे. दोन वर्षांपूर्वी उघडलेल्या स्टुडिओने स्वतःच्या शिक्क्याने दहा वर्षांची हमी द्यावी आणि ग्राहकाने ती निमूटपणे पाकिटात ठेवावी, हे चित्र पुण्या-मुंबईत काय, नाशिक-कोल्हापुरातही नवे नाही. स्टुडिओ बंद झाला की कागद उरतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर मोटारीचा आणि रोलचा क्रमांक नोंदवून मिळणारी हमी त्यामानाने भक्कम. तिची नोंद मोटार ताब्यात घेण्याआधीच तपासून पाहता येते.

कायदा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे, फारसा वापरला जात नाही एवढेच. २० जुलै २०२० रोजी अमलात आलेल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या विस्तृत केली. पुरेशा चाचणीचा आधार नसताना एखाद्या वस्तूच्या गुणवत्तेची किंवा आयुर्मानाची हमी देणे ही त्या व्याख्येनुसार अनुचित प्रथा आहे आणि चाचणी झाली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा बचाव घेणाऱ्यावर आहे. दहा वर्षांच्या हमीला हे कलम अगदी नेमके लागू पडते. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच. ‘बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल’ या सौजन्याचा खरा अर्थ येथे उलगडतो: वाचलेल्या रकमेच्या बदल्यात ग्राहक आपला पुरावा सोडून देत असतो. व्यवहाराची रक्कम पन्नास लाखांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. फिल्म पिवळी दिसू लागल्यावर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे म्हणत राहणाऱ्यांनी ही मुदत ध्यानात ठेवलेली बरी.

विम्याच्या बाबतीतही असाच गैरसमज आढळतो. कारखान्यातून न आलेली आणि पॉलिसीत न नोंदवलेली कोणतीही वस्तू अपघाताच्या दाव्यात धरली जाण्याची शक्यता कमी असते. फिल्म ही अशीच बाहेरून बसवलेली वस्तू आहे. विमा कंपनीला लेखी कळवून, तिचे मूल्य दाखवून आणि वाढीव हप्ता भरून ती पॉलिसीत घातली नसेल, तर बंपर बदलून मिळेल आणि त्यावरची फिल्म खिशातून बसवावी लागेल. शून्य घसाऱ्याचे संरक्षण घेतले आहे, हे याचे उत्तर नव्हे. ते घसारा भरून देते, न नोंदवलेली वस्तू नाही.

हौसेचे मोल

आता आकड्यांकडे. मध्यम आकाराच्या मोटारीचा एक भाग, म्हणजे एक दार किंवा एक बंपर, चांगल्या कार्यशाळेत रंगवून घेण्याचा खर्च साधारण तीन ते आठ हजारांच्या घरात जातो. संपूर्ण मोटारीला दर्जेदार टीपीयू फिल्म लावण्याच्या खर्चात तिचे सगळे भाग एकदा रंगवून वर काही उरू शकते. कारखान्यात भट्टीत पक्का झालेला मूळ रंग आणि कार्यशाळेतला रंग यांत फरक असतो, जुनी मोटार घेणारे मूळ रंगाला अधिक भाव देतात, हे खरे. मात्र तेवढ्याने लाख रुपये वसूल होतील, अशी अपेक्षा बाळगणे धाडसाचे आहे. पन्नास-साठ लाखांच्या, खास रंगाच्या, सुटे भाग परदेशातून येणाऱ्या मोटारीचे गणित निराळे. बारा लाखांच्या मोटारीसाठी संपूर्ण फिल्म हा हौसेचा खर्च आहे. हौसेला मोल नसते हे मान्य. पण ती हौस आहे, बचत नव्हे, हे विकणाऱ्याने सांगायला हवे.

मधला मार्ग आहे आणि तो शोरूमच्या कागदावर सहसा नसतो. खड्यांचा मार बसतो तो पुढचा बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरसे आणि चाकांमागच्या कडा यांवर. हातांच्या नखांनी खरवडली जाते ती दाराच्या मुठीमागची खोबण. सामान चढवताना घासला जातो तो डिकीचा उंबरठा. एवढ्याच भागांना फिल्म लावण्याचा खर्च पूर्ण मोटारीच्या खर्चाच्या पाव ते एक तृतीयांश होतो आणि द्रुतगती मार्गावर नित्य जाणाऱ्यांना तिचा उपयोगही पुरेपूर मिळतो. उरलेल्या रंगासाठी स्वतःची बादली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, हा शे-दोनशे रुपयांचा उपाय आहे. तो विकण्यात कोणालाच नफा नाही.

बसवणाऱ्याचे कसब हा वेगळाच विषय. चांगल्या ठिकाणी मोटारीच्या नमुन्यानुसार फिल्म यंत्रावर आधी कापून घेतात. इतरत्र ती मोटारीवर पसरून जागेवरच पात्याने कापली जाते. हात जरा जड पडला तर पाते फिल्मबरोबर क्लिअर कोटही चिरते आणि तो चिरा दिसतो काही वर्षांनी, फिल्म काढल्यावर. संरक्षणासाठी केलेल्या खर्चातून झालेली ही जखम कोणत्याही हमीत बसत नाही. आधी पुन्हा रंगवलेल्या भागावर फिल्म लावली असेल, तर काढताना रंगाचा पापुद्राही निघून येऊ शकतो. जुन्या मोटारीच्या बाजारात आणखी एक गंमत होते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र फिल्मसकट आकडा दाखवते आणि अपघात न झालेली मोटार पुन्हा रंगवलेली असल्याचा संशय येतो. उलट खरोखर रंगवलेला भाग फिल्मखाली झाकलाही जातो.

परिवहन कार्यालयाच्या दृष्टीने रंगावरच्या पारदर्शक फिल्मला हरकत नाही, कारण नोंदणी पुस्तकातला रंग तोच राहतो. रंग बदलणारी फिल्म लावायची तर तशी नोंद करून घ्यावी लागते. काचेचा प्रश्न वेगळा आहे आणि दोन्हींची सरमिसळ सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी मोटारीच्या काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली, तेव्हापासून ‘फिल्म’ हा शब्दच वाहनधारकांना धास्तीचा वाटतो. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १००व्या नियमात बदल होऊन १ एप्रिल २०२१पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली, आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश जात असेल तर अशी फिल्म चालू शकते, असा निर्वाळा केरळ उच्च न्यायालयाने २०२४मध्ये दिला. रस्त्यावरच्या पोलिसाशी हा युक्तिवाद करून पाहण्याची हिंमत मात्र थोडेच दाखवतील.

काचेवरील त्या बंदीची झळ ज्यांना बसली, त्यांत छत्रपती संभाजीनगरमध्ये कारखाने असलेली, आबासाहेब गरवारे यांनी स्थापन केलेली कंपनीही होती. आज ‘गरवारे हाय-टेक फिल्म्स’ या नावाने ओळखली जाणारी हीच कंपनी रंगावरची फिल्म बनवते, निर्यात करते, आणि २०२५मध्ये तिने या फिल्मची उत्पादनक्षमता दुप्पट केली. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी जन्मलेली वस्तू मराठवाड्यात तयार होऊन अमेरिकेतल्या मोटारींवर चढते, ही कौतुकाची बाब आहे. देशातच उत्पादन होत असल्याने आयातीच्या नावाखाली वाटेल तो भाव सांगण्याला काहीसा आळा बसावा, अशी अपेक्षा आहे. अर्थात त्यासाठी शोरूममधल्या कागदावर फिल्म कोणाची, कशाची आणि किती जाडीची, हे आधी लिहिलेले असावे लागेल. सध्या तेथे फक्त पॅकेजचे नाव असते: सिल्व्हर, गोल्ड किंवा प्लॅटिनम.